गाडीत न बसलेली समीक्षा

मराठी समीक्षेत ‘वाचक’ ही संज्ञा रुळली त्याला तीन-चार दशके होऊन गेली. वोल्फगांग इझरचा गृहीत वाचक, याउसचे अपेक्षांचे क्षितिज, स्टॅन्ली फिशचे अर्थनिर्णय करणारे समुदाय हे सारे पदव्युत्तर वर्गांच्या टिपणवह्यांत आणि प्रश्नपत्रिकांत सुखाने नांदत आहेत. वाचकाला मानाचे पान वाढले गेले. त्याला जेवायला बोलावण्याचे मात्र राहून गेले. तो प्रत्यक्षात काय म्हणतो हे ऐकण्याची गरज स्वतःला वाचककेंद्री म्हणवणाऱ्या समीक्षेलाही भासलेली नाही. तिला हवा असलेला वाचक ‘संहितेत कोरलेला’ असतो, म्हणजेच मुका असतो. हा आरोप कादंबरीच्या किंवा कवितेच्या आधारे सिद्ध करू गेल्यास वाद लांबतो. कारण तेथे समीक्षक स्वतःही वाचक असतो आणि आपले वाचन हेच सर्वांचे वाचन म्हणून खपवू शकतो. म्हणून ज्या संहितेपाशी समीक्षक गेलेलाच नसतो आणि तरीही तिच्याविषयी निकाल देऊन मोकळा होतो, अशी संहिता तपासायला घेणे अधिक फलदायी. मनोरंजन-उद्यानातील ‘डार्क राइड’ ही अशी संहिता आहे.

तिचे स्वरूप सांगायला सोपे आहे. एक बंदिस्त, खिडक्या नसलेली इमारत. आत वळणावळणांचा रूळ. रुळावर चार-सहा माणसांची गाडी. गाडी दार ढकलून काळोखात शिरते, ठरलेल्या क्रमाने उजळणाऱ्या देखाव्यांसमोरून जाते आणि काही मिनिटांत पुन्हा उजेडात येते. १९०१ साली बफेलो येथील पॅन-अमेरिकन प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्प्सनने चंद्रावरच्या सफरीचा खेळ मांडला, तो या प्रकाराचा एक पूर्वज. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लिऑन कॅसिडीच्या ‘प्रेट्झेल’ कंपनीने एका रुळावरून धावणारी स्वस्त गाडी अमेरिकेतल्या जत्राजत्रांतून नेली. १९५५ साली डिस्नीलँड उघडले तेव्हा स्नो व्हाइट, पीटर पॅन आणि मिस्टर टोड यांच्या कथा अशाच गाड्यांतून दाखवल्या गेल्या. महाराष्ट्रात १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. तेथे कालांतराने ‘मॉन्स्टर्स इन द मिस्ट’ आले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उघडले आणि त्यात अलीबाबाची गुहा, १९८७च्या चित्रपटावर बेतलेला ‘मिस्टर इंडिया’, राजासॉरसची नदीसफर असे एकाहून एक खर्चिक प्रयोग आले. या प्रकाराला मराठीत ‘अंधारयात्रा’ म्हणावे, असे कोणी सुचवील. शब्द भारदस्त आहे, पण चुकीचा आहे. यात्रेला दैवत असते आणि मुक्काम असतो. जत्रेतला माणूस पाळण्यात बसून येतो तेव्हा ‘एक फेरी मारली’ असे म्हणतो. तोच शब्द येथे खरा. ‘अंधारफेरी’ म्हणणे पुरे.

अशी एखादी नवी कौटुंबिक अंधारफेरी सुरू झाली की तिच्याविषयी मते व्यक्त होतात. रांगेत उभे राहिलेले लोक मते देतात, घरी गेल्यावर शेजाऱ्यांना सांगतात, मुले शाळेत सांगतात. ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला परिसंवादातली मते. ती दोनच प्रकारची असतात, आणि दोन्ही आधीपासून तयार असतात.

पहिले मत जाँ बोद्रियारच्या नावाने येते. ‘सिम्युलाक्र ए सिम्युलासियाँ’ या १९८१च्या पुस्तकात त्याने डिस्नीलँडविषयी जे लिहिले ते आता कोणाही संशोधक विद्यार्थ्याला पाठ असते: डिस्नीलँड स्वतःला काल्पनिक म्हणून मिरवते, ते भोवतालची सारी अमेरिका वास्तव आहे असे भासवण्यासाठी, वस्तुतः भोवतालची अमेरिकाही प्रतिभासच झालेली आहे. एकोने १९७५मध्ये अतिवास्तवाच्या प्रदेशातील प्रवासाचा निबंध लिहून त्याला आधीच सोबत करून ठेवली होती. हे विधान लॉस एंजलिसच्या संदर्भात कितपत टिकते, याचा निवाडा तेथल्यांनी करावा. मराठी परिसंवादात ते उचलून जसेच्या तसे गोराईवर ठेवले जाते, तेव्हा मात्र तपासणीची जबाबदारी येथल्यांवर येते. आणि तपासणीसाठी उत्तनला जावे लागते.

गोराईच्या उद्यानाकडे जाण्याचे मार्ग दोन होते: खाडीतून बोटीने, किंवा भाईंदरहून उत्तनमार्गे रस्त्याने. सहलीच्या बसगाड्यांना दुसरा मार्ग सोयीचा. त्या बसच्या खिडकीतून दिसे ते उत्तन: मिठागरे, तिवरांचा चिखल, बांबूच्या मांडवांवर सुकत घातलेले बोंबील, कोळी ख्रिस्ती वस्तीतली क्रूस असलेली घरे, समुद्राकडे तोंड करून उभे असलेले वेलांकणी मातेचे तीर्थमंदिर, आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतलेल्या धारावी किल्ल्याचे अवशेष. बोद्रियारच्या विधानाला लागणारा प्रतिभासी भोवताल यात कोठे आहे? येथे उद्यानाच्या भिंतीबाहेर मासळीचा वास येतो. या शतकाच्या पहिल्या दशकात गोराई, मनोरी आणि उत्तन या पट्ट्यावर पर्यटन-मनोरंजनाचे विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा गावे विरोधाला उभी राहिली आणि ते क्षेत्र प्रत्यक्षात आले नाही. भांडण जमिनीचे, शेतीचे आणि मासेमारीचे होते. वास्तव आणि प्रतिभास यांतली सीमारेषा पुसली गेली आहे असे ज्याला वाटते, त्याने ही सीमारेषा सातबारावर कशी आखली जाते ते पाहावे. उद्यानाविषयी त्या काळात व्यक्त झालेले सर्वांत धारदार मत गावकऱ्यांचे होते. ते त्या नावाने समीक्षेत कधी नोंदले गेले नाही, कारण ते फ्रेंच भाषेतून आले नव्हते.

पण बोद्रियारची खरी अडचण याहून खोल आहे, आणि ती मराठी भाषेतच दडलेली आहे. त्याच्या साऱ्या उपपत्तीत ‘प्रतिरूप’ हा एक अपघात आहे. मूळ असते, मग नक्कल होते, मग नक्कल मुळाला गिळते आणि शेवटी मूळ नसलेली नक्कल उरते. या क्रमात एक ऱ्हास गृहीत धरलेला आहे. मराठीत ‘प्रति’ हा उपसर्ग असा ऱ्हास सांगत नाही. प्रतिपंढरपूर, प्रतिशिर्डी, प्रतिबालाजी: केतकावळ्याला जाणारा माणूस आपण तिरुपतीला आलो असे समजत नाही, आणि आपली फसवणूक झाली असेही समजत नाही. जो दूर जाऊ शकत नाही त्याच्यासाठी केलेली ती एक सौजन्यपूर्ण सोय आहे. मुळाचा मान त्यात कमी होत नाही, उलट वाढतो. उत्तनची वेलांकणी तमिळनाडूतल्या वेलांकणीची अशीच ‘प्रति’ आहे. त्याच गोराईच्या परिसरात, उद्यानाला लागूनच, २००९मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेला विपश्यना पॅगोडा यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यावरून घडवला आहे, आणि त्याची जमीन उद्यानाच्या संस्थापकानेच दिलेली आहे. म्हणजे काही किलोमीटरच्या टापूत एक तीर्थमंदिर, एक ध्यानमंदिर आणि एक भूतबंगला, तिन्ही कुठल्या ना कुठल्या दूरच्या गोष्टीची प्रतिरूपे. प्रतिभासाची उपपत्ती खरी असेल तर तिने तिन्ही गिळली पाहिजेत. ती फक्त भूतबंगल्यापाशी थांबते, कारण इतर दोन ठिकाणी तिला धीर होत नाही. ज्या सिद्धान्ताला आपल्या उदाहरणांची निवड अशी भीतभीत करावी लागते, त्याला सिद्धान्त म्हणण्यापेक्षा अभिरुची म्हणणे योग्य.

दुसरे तयार मत देशीवादाच्या बाजूने येते. अंधारफेरी परकी आहे, तिच्या मातीत येथले काही नाही, ती मध्यमवर्गाच्या अनुकरणाची खूण आहे, असे ते मत. हे मत मांडणाऱ्यांची एक पंचाईत इमॅजिकाने करून ठेवली आहे. तेथील डायनोसॉर राजासॉरस आहे. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३मध्ये ज्याचे शास्त्रीय नामकरण झाले, तो. यापेक्षा देशी डायनोसॉर मिळणे अवघड. मग ती फेरी देशी झाली काय? देशीपणा विषयवस्तूत शोधणाऱ्याला ‘हो’ म्हणावे लागेल, आणि ‘हो’ म्हटले की त्याच्या भूमिकेचे हसे होईल. देशीपणा रूपात शोधावा तर आणखी पंचाईत होते, कारण काळोखात, ठरावीक क्रमाने, उजळत जाणारी चित्रे पाहणे हे येथे परके कधीच नव्हते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९०च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. रंगवलेल्या काचा, त्यांतली हलणारी चित्रे, सोबत निवेदन आणि संवाद, आणि खेळ संपेपर्यंत काळोख. तो शब्दशः एका कुटुंबाने चालवलेला अंधार होता. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतले एकेक चित्र उचलून कथा पुढे नेत आले. गणेशोत्सवातला ‘हलता देखावा’ तर प्रत्येकाच्या लहानपणातला. तेथे प्रेक्षक उभा राहतो आणि पुतळे हलतात. अंधारफेरीत प्रेक्षक हलतो आणि पुतळे जागच्या जागी तेच ते करीत राहतात. एवढी एक उलटापालट झालेली आहे. ती लहान नाही. तिच्याकडे पुढे यायचे आहे. पण या उलटापालटीचा विचार न करता ‘परके’ म्हणून मोकळे होणारी समीक्षा आपल्याच गल्लीतला देखावा विसरलेली असते.

या दोन्ही मतांत एक साम्य आहे. दोघांपैकी कोणीही गाडीत बसलेले नाही. बोद्रियारवाद्याला बसण्याची गरज नाही, कारण आत काय असणार हे त्याला पुस्तकातून कळलेले आहे. देशीवाद्याला बसणे कमीपणाचे वाटते. संहिता न वाचता समीक्षा लिहिणाऱ्याला साहित्यात जे म्हणतात ते येथेही म्हणायला हरकत नसावी.

आता जे बसले त्यांची मते पाहावीत. ती नेहमी त्याच त्या प्रकारची असतात, आणि म्हणूनच विद्वानांना ती कंटाळवाणी वाटतात. रांग फार लांब आणि फेरी फार आखूड. भूत खोटे वाटले. निवेदनातले काही ऐकू आले नाही. एक देखावा नीट बघेपर्यंत गाडी पुढे गेली. गोष्ट नक्की कोणाची होती ते शेवटपर्यंत कळले नाही. हसायचे की घाबरायचे तेच समजेना. आत उकडत होते आणि धाकटे रडत होते, त्यामुळे काही बघणेच झाले नाही. वळणावर पुढची गाडी आणि भिंतीवरचा दिवा दिसला, मग मजा गेली.

या विधानांना ‘ग्राहकांच्या तक्रारी’ म्हणून बाजूला सारणाऱ्याने अभिनवगुप्ताची रससूत्रावरची टीका पुन्हा उघडावी. रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने तो सांगतो. पहिले विघ्न संभावनाविरह. जे दाखवले आहे ते संभवनीयच वाटत नाही. भूत खोटे वाटले असे म्हणणारा दुसरे काय म्हणतो? प्रतीतीच्या साधनांची विकलता आणि स्फुटत्वाचा अभाव ही दोन विघ्ने निवेदन ऐकू न येण्यात आणि देखावा नीट न दिसण्यात आहेत. अप्रधानता: गोष्ट कोणाची ते कळत नाही. संशययोग: हसावे की घाबरावे याचा निर्णय होत नाही. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे हे आणखी एक विघ्न. उकाडा आणि रडणारे मूल. या विघ्नावर अभिनवगुप्ताने सुचवलेला उपाय तर थक्क करणारा आहे: वाद्ये, गायन, नानाविध सजवलेले मंडप, चतुर गणिका, यांच्या योगे प्रेक्षकाच्या मनाचे आधीच रंजन करावे. गणिका वगळता उद्यानाने हा उपाय अक्षरशः अमलात आणलेला आहे. रांगेचा मार्ग गुहेसारखा किंवा किल्ल्यासारखा सजवतात, तेथे संगीत लावून ठेवतात; कारण रांगेत पाय दुखलेला माणूस गाडीत बसला तरी देखावा पाहणार नाही, हे त्यांना धंद्यातून कळलेले आहे. काव्यशास्त्राच्या वर्गात ही सात नावे पाठ करून घेतली जातात. त्यांचा उपयोग कोठे होतो असे विचारले तर संस्कृत नाटकांपलीकडे उदाहरण देता येत नाही, आणि त्याच वेळी वर्गातला विद्यार्थी सहलीहून परतून त्यांतली पाच-सहा विघ्ने स्वतःच्या शब्दांत सांगत असतो.

सात विघ्नांपैकी एक येथे मुद्दाम मागे ठेवले. स्वगत किंवा परगत अशा एकाच बाजूला अनुभव बांधला जाणे, देशकालविशेषाचा आवेश होणे, हे ते विघ्न. भीती ‘माझी’ झाली की तिचा भयानक रस होत नाही, ती नुसते भय राहते. ती ‘त्याची’ झाली तर प्रेक्षक तटस्थ होतो. साधारणीकरण हवे. आणि नेमक्या याच ठिकाणी अंधारफेरीचा दावा उलटा आहे. गाडीत बसलेल्याला ती सांगते की ही गोष्ट तुझीच आहे, पिशाच तुझ्यावरच झेपावते आहे. हा प्रथमपुरुषी कथनाचा हट्ट आहे. तेव्हा प्रश्न असा पडतो की अंधारफेरीच्या रूपातच रसाला अटकाव आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर कोणा सिद्धान्तकाराने दिलेले नाही; ते गाडीत बसलेल्यांनी दिले आहे. डिस्नीलँडच्या १९५५च्या स्नो व्हाइटच्या फेरीत स्नो व्हाइट नव्हतीच. रचनाकारांची कल्पना अशी की गाडीत बसलेले मूल स्वतःच स्नो व्हाइट आहे. चेटकीण त्याच्याकडे सफरचंद पुढे करते, जंगल त्याच्या अंगावर येते. कथनमीमांसेच्या दृष्टीने ही युक्ती मोठी धाडसी होती. ज्या काळात कादंबरीतल्या दृष्टिकोनावर अमेरिकी विद्यापीठांत ग्रंथ लिहिले जात होते त्याच काळात एका बागेत केंद्रीभूत दृष्टीचा इतका टोकाचा प्रयोग चालू होता. बाहेर पडणारे लोक मात्र एकच गोष्ट विचारत राहिले: स्नो व्हाइट कुठे आहे? वर्षानुवर्षे विचारत राहिले. १९८३मध्ये फेरी नव्याने बांधली गेली तेव्हा तिच्यात स्नो व्हाइटचा पुतळा ठेवण्यात आला, आणि पीटर पॅनच्या फेरीतही पीटर पॅन दिसू लागला. या घटनेची थट्टा करणे सोपे आहे. सामान्य लोकांना सूक्ष्म युक्ती कळली नाही असे म्हणता येईल. पण त्यांना ती कळली होती आणि नको होती, असाही अर्थ होतो. चेटकीण आपल्यावर धावून येते तेव्हा मूल डोळे मिटून घेते. ती स्नो व्हाइटवर धावून येते तेव्हा ते डोळे उघडून पाहते. पात्र समोर असले की भीतीला जागा मिळते, ती ना पूर्णपणे आपली ना पूर्णपणे परक्याची राहते. काश्मीरच्या आचार्याने दहाव्या-अकराव्या शतकात मांडलेली गोष्ट कॅलिफोर्नियातल्या रांगेतल्या मुलांनी अठ्ठावीस वर्षे चिकाटीने मागितली आणि मिळवली. वाचकाच्या प्रतिसादाने संहिता बदलल्याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण इझरच्या ग्रंथात नाही.

इमॅजिकाच्या अलीबाबाने या पेचातून वेगळी वाट काढली: प्रेक्षकाच्या हाती बंदूक दिली आणि नेमबाजीचे गुण मोजले. हा मार्ग निकृष्ट आहे. गुण मोजायला लागले की कोणी गुहा पाहत नाही. चाळीस चोर चाळीस लक्ष्ये होतात आणि कथा आकडेमोडीत विरघळते. प्रेक्षकाला ‘सक्रिय’ केले की तो मुक्त झाला, अशी समजूत अलीकडे कवितेच्या बाबतीतही बोकाळलेली आहे. तिचे फळ येथे पाहून घ्यावे.

आता ‘कौटुंबिक’ या विशेषणाकडे वळायला हवे. उद्याने आपल्या खेळांची वर्गवारी करतात: थरारक, कौटुंबिक, लहान मुलांसाठी. मराठी समीक्षेत ‘कौटुंबिक’ हा शब्द हिणवण्याचा आहे. कौटुंबिक नाटक, कौटुंबिक चित्रपट, कौटुंबिक कादंबरी म्हटले की समीक्षकाच्या कपाळावर आठी पडते. ‘सहकुटुंब पाहावे असे’ हे जाहिरातीतले वाक्य म्हणजे त्याच्या दृष्टीने निकृष्टतेचा दाखलाच. भरताने भयानक रसाच्या विवेचनात भीतीची वाटणी प्रकृतिभेदाने केली, स्त्रिया आणि नीच प्रकृती यांना भय स्वाभाविक मानले. आजची ‘अभिजात’ अभिरुचीही फारशी पुढे गेलेली नाही, फक्त ‘नीच प्रकृती’च्या जागी तिने ‘कौटुंबिक प्रेक्षक’ बसवला आहे. पण हे कुटुंब गाडीत बसल्यावर नेमके काय करते हे कोणी पाहिले आहे काय? मूल पिशाच पाहते. आई मुलाकडे पाहते. आजोबा दोघांकडे पाहतात आणि मध्येच छताकडे पाहून तारा कोठून गेल्या आहेत ते शोधतात. एका गाडीत एकाच वेळी तीन वेगळ्या संहिता वाचल्या जातात. आईसाठी देखावा भिंतीवर नसतोच. तो तिच्या मांडीवर असतो. मूल किंचाळले की ती हसते, आणि ते खरोखर घाबरले असे कळले की ती हसणे थांबवून त्याचे डोळे झाकते. भयानकाचा हास्यात आणि हास्याचा वात्सल्यात होणारा हा प्रवास काही सेकंदांत घडतो, आणि त्यासाठी भूत खोटे असणे आवश्यक असते. ‘भूत खोटे वाटले’ ही मुलाची तक्रार आणि ‘भूत खोटे होते म्हणून बरे’ हे आईचे समाधान, दोन्ही मते एकाच फेरीविषयी खरी आहेत. ‘गृहीत वाचक’ ही एकवचनी कल्पना येथे मोडून पडते; एका आसनावर बसलेल्यांचाही अर्थनिर्णायक समुदाय एक होत नाही. कौटुंबिक म्हणजे बाळबोध, हे समीकरण ज्यांनी मांडले त्यांनी कुटुंबाकडेही पाहिले नाही आणि बाळाकडेही.

अर्थात या कुटुंबाची व्याख्या उद्यान करते, हे नजरेआड करता येणार नाही. प्रवेशद्वाराशी मुलाची उंची मोजणारी पट्टी असते. गाडीत जागा चारांची असेल तर पाचवा माणूस मागच्या गाडीत जातो. तिकिटाचे पैसे नसलेले कुटुंब कुटुंबांत मोजले जात नाही. एस्सेलवर्ल्डच्या गाजलेल्या जाहिरातीत मूल घरी परत जायला नकार देते, आणि तो नकार घराघरांत कौतुकाने गुणगुणला गेला. कुटुंबाला बोलावण्यासाठी कुटुंबाचे घर नाकारणारे गाणे वापरावे, यातला विरोध विरचनावाद्यांच्या हाती कसा लागला नाही, हे एक आश्चर्यच म्हणायचे.

अंधारफेरीवर खरा आक्षेप घ्यायचा असेल तर तो खोटेपणाचा नाही आणि परकेपणाचाही नाही. तो गतीचा आहे. लोकांच्या मतांत सर्वाधिक वेळा येणारी तक्रार हीच आहे: बघेपर्यंत गाडी पुढे गेली. चित्रकथी एखाद्या चित्रावर रेंगाळू शकतो. समोरची बाई रडू लागली तर पान उलटायला तो उशीर करील. गणपतीच्या देखाव्यासमोर मुलाला पुन्हा पाहायचे असेल तर बाप त्याला खांद्यावर घेऊन आणखी एक आवर्तन उभा राहतो. उत्तनच्या ख्रिस्तमंदिरांत, आणि कुठल्याही कॅथलिक ख्रिस्तमंदिरात, प्रायश्चित्तकाळात ‘क्रुसाची वाट’ चालतात. भिंतीवर चौदा स्थानके असतात. भाविक क्रमाने एकापासून दुसऱ्यापर्यंत जातात, प्रत्येकाशी गुडघे टेकतात, प्रार्थना म्हणतात, मग पुढे सरकतात. क्रम ठरलेला, देखावे ठरलेले, कथेचा शेवटही ठाऊक असलेला, आणि विषय भयाचा आणि यातनेचा. रूपाच्या दृष्टीने अंधारफेरीचा याहून जवळचा नातेवाईक सापडणार नाही. फरक एवढाच की तेथे माणूस थांबतो. एकटा आलेला भाविक पडत्या ख्रिस्तासमोर हवा तेवढा वेळ थांबू शकतो. अंधारफेरीत थांबण्याचा अधिकार मोटारीने काढून घेतलेला आहे. तासाला किती माणसे आत-बाहेर करायची हे आधी ठरते, त्यावरून दोन गाड्यांमधले अंतर ठरते, त्यावरून एका देखाव्याला किती सेकंद मिळणार ते ठरते. म्हणजे येथे वाक्याची लांबी रांग ठरवते. वृत्तपत्राच्या रकान्याने मराठी लघुकथेची लांबी ठरवली, नाट्यगृहाच्या सत्रांनी तीन अंकांचे दोन केले, त्याच जातीची ही गोष्ट आहे. तिची मीमांसा करायला बोद्रियार लागत नाही, घड्याळ पुरते.

गतीमुळे काही मिळतही असते, हेही मान्य करायला हवे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत धावत्या रथातून पाहतो: दूर बारीक दिसलेले क्षणात मोठे होते, तुटलेले जोडल्यासारखे वाटते, काहीच जवळ राहत नाही आणि काहीच दूर राहत नाही. त्याच रथापुढे पळणारे हरिण अभिनवगुप्ताने भयानकाच्या साधारणीकरणाचे उदाहरण म्हणून घेतले. म्हणजे भयानक रसाचे आपले ठरलेले उदाहरण मुळात धावत्या वाहनातून पाहिलेले आहे. गाडीच्या वळणाने देखावा एकदम समोर येणे, कोपरा वळताना तो तुटणे, या साऱ्यांची एक दृश्यभाषा होऊ शकते. काही फेऱ्यांत ती थोडीशी झालेलीही आहे. पण दुष्यंताच्या रथाला सारथी होता, आणि तो राजाच्या शब्दावर लगाम खेचत होता. अंधारफेरीत लगाम खेचण्याची सोय फक्त आणीबाणीसाठी असते, आणि ती वापरली की दिवे लागतात, काळे रंगवलेले पत्रे, तारा आणि पुतळ्यांच्या पाठी दिसू लागतात, आणि सगळ्यांना जे ठाऊक होते ते उघड होते.

त्या लगामापाशी एक माणूस बसलेला असतो. गाडी सोडणे, गाडी थांबवणे, आसनावरचा दांडा नीट बसला की नाही ते पाहणे, हे त्याचे काम. ठरलेल्या ठिकाणी उठणारी तीच किंकाळी तो दिवसभरात शेकडो वेळा ऐकतो. कोणत्या देखाव्याला मुले हसतात, कोणत्याला गप्प होतात, कोणता पुतळा पावसाळ्यात अडकतो, हे त्याला ठाऊक असते. फेरी मारणारे बहुतेक एकदाच येतात. समीक्षक येतच नाहीत. या संहितेचा पुनर्वाचक तो एकटाच. २०२२ साली एस्सेलवर्ल्ड बंद झाले तेव्हा स्मृतिरंजनाचे पुष्कळ लेख आले, त्यांत जाहिरातीचे गाणे होते, बोटीचा प्रवास होता, आपापल्या सहली होत्या. त्या बटणापाशी बसलेल्या माणसाचे मत त्यांत शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.